सरोवरावर एवढं मोठं दीपगृह कशाला? स्प्लिट रॉकचा इतिहास

प्रश्न असा आला आहे: अमेरिकेत मिनेसोटाला मुलाकडे गेलो असताना सुपिरियर सरोवराच्या काठावरचं स्प्लिट रॉक दीपगृह पाहिलं. भरती-ओहोटी नाही, खारं पाणी नाही, तळ्याच्या काठी एवढं भक्कम दीपगृह बांधायची गरज काय होती? १९०५च्या एका वादळामुळे ते बांधलं असं तिथे सांगतात. एका वादळापायी सरकार इतका खर्च करतं का? आणि इतकं चांगलं होतं तर १९६९मध्ये बंद का केलं?

मी नोकरीची सगळी वर्षं कोकण किनाऱ्यावरच्या दीपगृहांमध्ये यंत्रं आणि भिंगं सांभाळण्यात घालवली. स्प्लिट रॉकला जाऊन तिथलं भिंग आणि यंत्र जवळून पाहिलं आहे. त्यामुळे थोडं लांबण लावून लिहितो.

आधी थोडक्यात उत्तर. दीपगृह वादळामुळे मंजूर झालं हे खरं. त्याची गरज मात्र लोखंडाने निर्माण केली होती. आणि ज्या वादळाच्या नावावर पैसे मिळाले, त्या वादळात हा दिवा असता तरी बहुतेक जहाजांना त्याचा उपयोग झाला नसता, असं माझं स्पष्ट मत आहे. ते का, हे पुढे येईलच.

‘तळं’ हा शब्द इथे डोक्यातून काढून टाका. सुपिरियरचं क्षेत्रफळ सुमारे ८२,१०० चौरस किलोमीटर आहे, म्हणजे अख्ख्या महाराष्ट्राच्या चौथ्या हिश्शाहून जास्त. पूर्व-पश्चिम लांबी साधारण ५६० किलोमीटर आणि सर्वांत खोल जागी ४०६ मीटर पाणी. ईशान्येकडून वारा सुटला की पश्चिम टोकाला असलेल्या डुलुथ बंदरापर्यंत त्याला शेकडो किलोमीटर मोकळी धाव मिळते. नोव्हेंबरात इथे आठ-नऊ मीटर उंचीच्या लाटा उठू शकतात.

नुसत्या उंचीपेक्षा लाटांचा प्रकार जास्त त्रास देतो. महासागरातली मोठी लाट लांबट असते, जहाज तिच्यावर चढतं आणि उतरतं. सरोवरातल्या लाटा आखूड आणि उभ्या असतात. एक ओसरते न ओसरते तोच दुसरी आदळते. लांबच लांब, सपाट बुडाच्या मालवाहू जहाजांना हे फार जड जातं.

त्याहून मोठी अडचण म्हणजे पळायला जागा नसणं. अरबी समुद्रात तुफान आलं आणि बंदर गाठता येत नसेल, तर शहाणा कप्तान किनाऱ्यापासून लांब खोल पाण्यात जातो आणि वारा ओसरेपर्यंत तिथेच तग धरतो. सरोवरात वारा कुठल्याही दिशेचा असो, काही तासांत समोर खडक येतोच. समुद्रावरच्या जहाजाला किनारा कुठे आहे हे बंदराजवळ आल्यावर कळलं तरी चालतं. इथे ते चोवीस तास कळत राहावं लागतं. म्हणूनच सुपिरियर धरून उत्तर अमेरिकेतल्या पाच मोठ्या सरोवरांच्या काठी इतकी दीपगृहं आहेत.

आता लोखंड. मिनेसोटाच्या उत्तरेला व्हर्मिलियन आणि मेसाबी या टेकड्यांच्या रांगांमध्ये लोहखनिजाचे प्रचंड साठे आहेत. व्हर्मिलियनचं खनिज १८८४मध्ये टू हार्बर्स या बंदरातून जहाजाने जाऊ लागलं, मेसाबीचं १८९२पासून. पोलाद बनवायच्या भट्ट्या मात्र शेकडो मैल दूर, एरी आणि मिशिगन सरोवरांच्या बाजूला. त्या भट्ट्यांकडे खनिज नेण्याचा स्वस्त रस्ता पाण्याचाच. १९०१मध्ये युनायटेड स्टेट्स स्टील ही अवाढव्य कंपनी स्थापन झाली. तिची पिट्सबर्ग स्टीमशिप कंपनी शंभराहून जास्त जहाजं चालवत होती. सरोवरांवर एवढा मोठा ताफा दुसऱ्या कुणाचा नव्हता.

या ताफ्याचं वर्ष फक्त आठ-नऊ महिन्यांचं. डिसेंबरात गोडं पाणी गोठायला लागतं आणि वसंतापर्यंत वाहतूक बंद. भट्ट्या हिवाळ्यातही चालतात, त्यामुळे त्यांच्यासाठी खनिज आधीच साठवून ठेवावं लागतं. साहजिकच नोव्हेंबरात प्रत्येक मालक ‘अजून एक खेप’ काढायला बघतो. वर्षातली सर्वांत वाईट हवा आणि सर्वांत जास्त घाई एकाच महिन्यात येतात. नोव्हेंबरातल्या अपघातांची कारणं शोधताना लोक वाऱ्याकडे बघतात. माझ्या मते त्या घाईकडेही तितकंच बघायला हवं.

२७ नोव्हेंबर १९०५ला हवा जरा निवळल्यासारखी वाटली म्हणून कित्येक जहाजं निघाली. रात्रीतून ईशान्येचा झंझावात आणि दाट हिमवर्षाव सुरू झाला. २८ आणि २९ तारखेला मिळून २९ जहाजं फुटली, रुतली किंवा मोडली. त्यांतली बरीच एकट्या पिट्सबर्ग स्टीमशिपची होती. आज हे वादळ ‘मटाफा’ या जहाजाच्या नावाने ओळखलं जातं.

स्प्लिट रॉकच्या गोष्टीत दोन जहाजं महत्त्वाची. ‘विल्यम एडनबोर्न’ ही आगबोट ‘मदेरा’ नावाच्या ४३६ फुटी बार्जला दोराने ओढत होती. त्या काळी हीच पद्धत होती. इंजिन एकाच जहाजात, मागे बिनइंजिनाची बार्ज, म्हणजे कमी खर्चात दुप्पट माल. वादळात दोघी एकमेकींना ओढू लागल्या तेव्हा पहाटे एडनबोर्नच्या कप्तानाने दोर सोडला. मदेरा आता वाऱ्याच्या स्वाधीन होती. साडेपाचच्या सुमारास ती गोल्ड रॉक नावाच्या उभ्या कड्यावर आदळली. ही जागा आजच्या दीपगृहापासून अगदी जवळ आहे.

फ्रेड बेन्सन नावाच्या खलाशाने खांद्यावर दोराचं भेंडोळं घेतलं, जहाज कड्याला भिडलं त्या क्षणी खडकावर उडी मारली आणि अंधारात, बर्फाने निसरडा झालेला साठ फुटांचा कडा चढून गेला. वरून त्याने दोर खाली सोडला आणि आठ जण त्यावरून वर आले. एक अधिकारी, जेम्स मॉरो, मात्र जहाजाबरोबर बुडाला. वाचलेल्यांना दोन दिवसांनी टू हार्बर्सच्या ‘एडना जी’ या टगबोटीने उचललं. एडनबोर्नही थोड्या अंतरावर स्प्लिट रॉक नदीच्या मुखाशी किनाऱ्यावर चढली होती. तिच्यावरचाही एक माणूस गेला.

आता ‘मटाफा’चं बघा. हे जहाज डुलुथहून निघून वादळ पाहून परत फिरलं होतं. २८ तारखेच्या दुपारी ते बंदराच्या अरुंद कालव्यात शिरायला बघत असताना लाटेने ते धक्क्यावर आपटलं आणि किनाऱ्यापासून हाकेच्या अंतरावर रुतून मोडलं. हजारो लोक काठावर शेकोट्या पेटवून रात्रभर उभे राहिले, पण मदत पोचू शकली नाही. जहाजाच्या मागच्या भागात अडकलेले नऊ जण थंडीने गोठून गेले.

मटाफाला आपण कुठे आहोत हे पूर्ण माहीत होतं. वेळ दिवसाची, समोर बंदर, कालव्यावर दीपगृह. तिला दिव्याची उणीव नव्हती. मदेराला दिवा हवा होता हे खरं, पण दाट हिमवर्षावात दीपगृहाचा झोत कितपत पोचतो हे या कामातल्या माणसाला ठाऊक असतं. मुसळधार पावसात कोकणातल्या चांगल्या बत्तीचाही उजेड एक-दोन मैलांत विरून जातो. बर्फाचे कण तर पावसाहून जास्त प्रकाश अडवतात आणि विखुरतात. मदेराला त्या पहाटे काही उपयोगी पडलंच असतं तर ते भोंग्याचा आवाज, आणि तोही एवढ्या वाऱ्यात नेमक्या दिशेने आला असता तरच.

मग दीपगृह मागितलं कशासाठी? कंपनीचं शिष्टमंडळ वॉशिंग्टनला गेलं आणि त्यांनी मुख्य मुद्दा मांडला तो होकायंत्राचा. या किनाऱ्याच्या खडकांत लोहयुक्त खनिजं आहेत, जवळून जाताना सुई भरकटते आणि जहाज आपण सुरक्षित अंतरावर आहोत असं समजून खडकाकडे सरकतं. हा मुद्दा खरा आहे. या भागाच्या सागरी नकाशांवर स्थानिक चुंबकीय बिघाडाची सूचना छापलेली असते. १९०५च्या अपघातांचं खापर मात्र होकायंत्रावर फोडणं मला पटत नाही. तिथे वारा आणि बर्फ पुरेसे होते. पण दरवर्षी हंगामभर, साध्या स्वच्छ रात्री शेकडो जहाजं या किनाऱ्याला समांतर जात होती. सुईवर विश्वास ठेवता येत नसेल तर त्यांना ओळखीची खूण हवीच होती. टू हार्बर्सचा दिवा १८९२चा. तो मागे पडला की पुढे ईशान्येच्या ग्रँड मरैस बंदरापर्यंत लांबच लांब अंधारा कडा. त्या मोकळ्या पट्ट्यात दिवा हवा, ही मागणी अगदी रास्त होती. वादळाने ती ऐकायला लावली, एवढंच.

१९०७मध्ये अमेरिकी काँग्रेसने दीपगृह आणि धुक्याचा भोंगा यांसाठी ७५,००० डॉलर मंजूर केले. प्रत्यक्ष खर्च जमिनीसकट ७२,५४१ डॉलर झाला. आराखडा आणि देखरेख राल्फ रसेल टिंकम या तरुण अभियंत्याची.

मे १९०९मध्ये कामगारांची तुकडी तिथे उतरली तेव्हा रस्ता नव्हता. रस्ता यायला अजून पंधरा वर्षं होती. मागे जंगल, पुढे १३० फुटांचा उभा कडा आणि खाली सरोवर. पहिलं काम म्हणून त्यांनी कड्याच्या माथ्यावर वाफेवर चालणारी डेरिक क्रेन उभी केली. त्यानंतर वीट, सिमेंट, पोलाद, यंत्रं आणि माणसांचं अन्न हे सगळं बोटीने कड्याच्या पायथ्याशी आणायचं आणि क्रेनने थेट वर खेचायचं, हा क्रम सुरू झाला. असं ३१० टनांहून जास्त सामान वर गेलं. लाटा असतील त्या दिवशी बोट कड्याजवळ आणताच येत नसे, म्हणजे काम बंद.

तो खडक अनॉर्थोसाइट नावाचा, अतिशय कठीण, फिकट रंगाचा आहे. त्यात सुरुंगाची भोकं पाडणं हेच मोठं काम होतं. याच खडकाने आणखी एका कंपनीला रडवलं होतं. थ्री-एम ही आज जगभर माहीत असलेली कंपनी १९०२मध्ये याच किनाऱ्यावर घासकामाचं कोरंडम खणायला सुरू झाली होती. ते कोरंडम नसून अनॉर्थोसाइट आहे हे त्यांना नंतर कळलं. घासकामाला निरुपयोगी ठरलेला तो दगड दीपगृहाचा पाया म्हणून मात्र उत्तम होता.

बुरूज अष्टकोनी, पिवळसर विटांचा, आतून पोलादी सांगाड्याचा, उंची फक्त ५४ फूट. समुद्रावरची उंच दीपगृहं पाहिलेल्यांना तो बुटका वाटतो. पण दीपगृहात मोजायची उंची पाण्यापासून दिव्यापर्यंतची असते. कड्याने १३० फूट फुकट दिल्यावर वर आणखी बांधकाम करण्यात अर्थ नव्हता. दिवा पाण्यापासून १६८ फुटांवर आला.

त्यावरून पल्ला कसा काढतात तेही सांगतो. पृथ्वीच्या गोलाईमुळे दिवा किती मैलांवरून दिसेल यासाठी फुटांतल्या उंचीचं वर्गमूळ काढून त्याला १.३२ने गुणायचं. १६८चं वर्गमूळ सुमारे १३, म्हणून १७ मैल. बघणाऱ्याचा डोळाही पाण्याच्या वर असतो. दीपगृहांच्या जुन्या अमेरिकी यादीत तो १५ फुटांवर धरत, त्याचे ५ मैल. एकूण २२. स्प्लिट रॉकचा अधिकृत पल्ला २२ मैल होता तो असा. ग्रँड मरैसचे मच्छीमार साठ मैलांवरून त्याची चमक दिसते असं सांगत. तेही अशक्य नाही. दिवा क्षितिजाखाली असला तरी त्याचा झोत हवेत आणि ढगांवर उजळतो. पण त्या चमकेवरून जहाजाची जागा नक्की करता येत नाही, म्हणून यादीत २२च.

३१ जुलै १९१० रोजी हा दिवा पहिल्यांदा लागला.

आता भिंगाबद्दल. हा माझ्या आवडीचा भाग आहे आणि स्प्लिट रॉकचं खरं वैभवही तेच आहे. पॅरिसच्या बार्बिए, बेनार आणि तुरेन या कारखान्यात घडवलेलं, तिसऱ्या श्रेणीचं, दुहेरी फ्रेनेल भिंग. श्रेणी म्हणजे ज्योतीपासून काचेपर्यंतच्या अंतरावरून ठरवलेला आकार. तिसऱ्या श्रेणीत ते अर्धा मीटर असतं. दुहेरी म्हणजे शिंपल्याचे दोन फुगीर अर्ध समोरासमोर ठेवावेत तसे दोन भाग. प्रत्येकाच्या मध्ये गोल भिंग आणि त्याभोवती वर्तुळाकार लोलकांच्या रांगा. ज्योतीचा जो प्रकाश इकडेतिकडे वाया गेला असता तो सगळा हे लोलक वळवून दोनच झोतांत गोळा करतात.

इथे एक व्यवहार आहे. भिंगाचे आठ भाग केले तर आठ झोत मिळतात, पण प्रत्येक झोत अशक्त. दोन भाग केले तर झोत फार प्रखर, पण दोनच. मग चमक वारंवार दिसायला हवी असेल तर भिंग भराभर फिरवावं लागतं. स्प्लिट रॉकची खूण दर १० सेकंदांनी एक चमक अशी होती. त्यासाठी भिंग २० सेकंदांत एक फेरा घेत असे. कित्येक हजार पौंड वजनाचं काच-पितळ चाकांवर ठेवून इतक्या वेगाने फिरवलं तर चाकं झिजतात आणि गती डळमळते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस फ्रेंच अभियंत्यांनी यावर तोड काढली. गोल पन्हळीत पारा भरायचा आणि भिंग त्यावर तरंगत ठेवायचं. मग ते एका बोटाच्या जोराने फिरतं. आपल्या किनाऱ्यावरही अशी पाऱ्यावरची भिंगं होती. त्यांच्यावर काम केलेल्या कुणालाही विचारा, एवढं वजन बोटाने हलताना पाहिलं की पहिल्या वेळी विश्वास बसत नाही. पाऱ्याची वाफ विषारी असते. तो गाळून स्वच्छ ठेवणं हे रखवालदारांचं नेहमीचं काम होतं, आणि त्याचा धोका त्या पिढीने पुरता ओळखला नव्हता.

फिरवण्याची शक्ती वजनाची. बुरुजाच्या मधोमध वजन खाली उतरत जाई आणि त्याने घड्याळासारखं यंत्र चाले. दर दोन तासांनी हाताने चावी देऊन ते वजन वर आणायचं. वेळ चुकली तर चमक दहाऐवजी बारा सेकंदांनी येणार, आणि मग कप्तान यादीत दुसऱ्याच दिव्याचं नाव शोधणार. दिवा बंद पडणं वाईट, पण चुकीच्या तालावर चालणं त्याहून वाईट, असं आम्हाला शिकवलं जाई. बंद दिव्यामुळे कप्तान सावध होतो, चुकीच्या दिव्यावर तो विश्वास ठेवतो.

ज्योत रॉकेलच्या वाफेची. टाकीत हवेचा दाब द्यायचा, रॉकेल तापून वाफ होणार आणि ती जाळीदार मँटलमध्ये जळून पांढराशुभ्र उजेड देणार. गणपतीच्या मिरवणुकीतली गॅसबत्ती ज्यांनी पाहिली आहे त्यांना यातलं तत्त्व समजावून सांगायला नको. वातीच्या जुन्या दिव्यापेक्षा हा प्रकार कितीतरी प्रखर होता. सूर्य उगवला की दिवा विझवायचा आणि भिंगाभोवती पडदे ओढायचे, कारण ज्या लोलकांतून रात्री उजेड बाहेर जातो त्यांतूनच दिवसा ऊन आत एकवटतं आणि आग लावू शकतं.

दीपगृहाशेजारची वेगळी बैठी इमारत धुक्याच्या भोंग्याची. पाहुणे तिथे फारसे थांबत नाहीत. मी थांबा असं सांगेन, कारण जहाजांच्या दृष्टीने तिचं महत्त्व बुरुजाइतकंच होतं. सुपिरियरचं पाणी उन्हाळ्यातही थंडगार असतं. दक्षिणेची उबदार, दमट हवा त्यावर आली की दाट धुकं धरतं आणि दिवसचे दिवस राहतं. पेट्रोलची दोन इंजिनं हवा दाबून भरत आणि ती सायरनमधून सोडली की आवाज सुमारे पाच मैल जाई. इंजिनं दोन, कारण एक बिघडलं तर धुकं थांबत नाही. १९३०च्या दशकात डिझेल इंजिनं आली आणि सायरनच्या जागी डायाफोन हा खर्जातला भोंगा बसला. त्या इमारतीपासून काही पावलांवर राहणाऱ्या कुटुंबांनी तो आवाज रात्र-रात्र कसा सोसला असेल याची कल्पना मला करता येते. एक वेळ अशी येते की भोंगा चालू असताना झोप लागते आणि तो थांबला की जाग येते.

तिथे तीन घरं आहेत, तिन्ही एकसारखी: मुख्य रखवालदाराचं आणि दोन साहाय्यकांची. पहिला मुख्य रखवालदार ओरेन यंग, सगळे त्याला पीट म्हणत. तो १९२८पर्यंत तिथे होता. त्याच्यानंतर फ्रँकलिन कोव्हेल, १९४४पर्यंत. पहिलंच वर्ष वाईट गेलं. ऑक्टोबर १९१०मध्ये दोघेही साहाय्यक टपाल आणायला शिडाच्या होडीने बीव्हर बे या गावाला गेले आणि परत आले नाहीत. होडी उलटलेली सापडली. दिवा लागून जेमतेम दोन महिने झाले होते. जहाजांचे जीव वाचवायला बांधलेल्या जागेने पहिले बळी आपल्याच माणसांचे घेतले, आणि तेही पत्रं आणण्यासारख्या साध्या कामात. रस्ता नसलेल्या दीपगृहावर खरा धोका बुरुजावर नसतो, तो रसद आणणाऱ्या होडीत असतो. आमच्याकडच्या बेटांवरच्या दीपगृहांवर पावसाळ्यात होडीतून उतरताना हेच अनुभवाला येई.

सामान चढवण्याचे हाल पाहून काही वर्षांनी, १९१६च्या सुमारास, धक्क्यापासून माथ्यापर्यंत ट्रॅमचे रूळ टाकले गेले. डिसेंबरात जहाजं थांबली की दिवा विझवून माणसं घरी जात आणि वसंतात बर्फ फुटलं की परत येत. कुटुंबं बहुधा उन्हाळ्यातच राहायला येत, कारण जवळ शाळा नव्हती. शेजार होता तो जवळच्याच ‘लिटल टू हार्बर्स’ या वस्तीतल्या नॉर्वेजियन मच्छीमारांचा.

१९२४मध्ये किनाऱ्याने मोटाररस्ता आला आणि दीपगृहाचं आयुष्यच बदललं. कड्यावरचं इतकं देखणं ठिकाण आता गाडीने गाठता येऊ लागलं आणि पर्यटकांची रीघ लागली. कोव्हेल आणि त्याच्या साहाय्यकांना रात्री दिवा सांभाळून दिवसा लोकांना बुरूज दाखवावा लागे. आज सगळे जण हे दीपगृह ओळखतात ते त्याच्या फोटोंमुळे, आणि त्या प्रसिद्धीची सुरुवात या रस्त्याने झाली. अमेरिकी टपाल खात्याने १९९५मध्ये सरोवरांवरच्या दीपगृहांची तिकिटं काढली, त्यांतही स्प्लिट रॉक आहे.

१९३९मध्ये अमेरिकेतली सगळी दीपगृहं तटरक्षक दलाकडे गेली. १९४०मध्ये वीज आली, रॉकेलच्या दिव्याच्या जागी १००० वॉटचा दिवा बसला. १९६१मध्ये भोंगा बंद झाला आणि १९६९मध्ये दीपगृहही.

बंद का केलं, याचं उत्तर रडार. खनिजाच्या जहाजांवर दुसऱ्या महायुद्धानंतर रडार आणि रेडिओने दिशा शोधायची साधनं आली. उंच, उभा, अखंड कडा रडारच्या पडद्यावर ठसठशीत दिसतो. जो किनारा डोळ्यांना सर्वांत फसवा होता तोच रडारला सर्वांत सोपा झाला. त्या एका जागेपुरता तो निर्णय मला चुकीचा वाटत नाही. स्प्लिट रॉकजवळ ना बंदर होतं, ना जहाजांनी वळायची जागा. चुकणाऱ्या सुईला पर्याय देणं हे त्याचं काम होतं आणि तो पर्याय जहाजावरच आला.

पण यावरून ‘आता दीपगृहं नकोतच’ असं कुणी म्हटलं तर मी १० नोव्हेंबर १९७५ची रात्र दाखवीन. ‘एडमंड फिट्झजेराल्ड’ हे ७२९ फुटी जहाज २६,००० टनांहून जास्त लोहखनिजाच्या गोळ्या घेऊन सुपिरियरच्या पश्चिम टोकावरून निघालं होतं. वादळात त्याची दोन्ही रडारं बंद पडली. कप्तान सरोवराच्या पूर्व टोकाजवळच्या व्हाइटफिश पॉइंटच्या आसऱ्याला निघाला होता, आणि नेमका तिथला दिवा व रेडिओ बीकन, म्हणजे रेडिओवरून दिशा दाखवणारं यंत्र, वीज गेल्याने बंद होते. बीकन चालू आहे का, असं त्याने रेडिओवरून दुसऱ्या जहाजाला विचारल्याची नोंद आहे. मागच्या ‘आर्थर अँडरसन’ या जहाजाने आपल्या रडारवरून त्याला वाट सांगितली. संध्याकाळी सातनंतर फिट्झजेराल्ड त्या रडारवरूनही नाहीसं झालं. २९ जण गेले, एकही वाचला नाही. ते नेमकं कशामुळे बुडालं यावर आजही वाद आहे आणि दिवा असता तर वाचलं असतं असं म्हणायला आधार नाही. पण एकाच रात्री जहाजावरचं साधन आणि किनाऱ्यावरचं साधन दोन्ही गेली, हे दीपगृह खात्यातल्या प्रत्येकाने लक्षात ठेवण्यासारखं आहे. स्प्लिट रॉकवर दर दोन तासांनी चावी देणारा माणूस होता तेव्हा वीज जाण्याचा प्रश्नच नव्हता.

१९७१मध्ये दीपगृह मिनेसोटा राज्याकडे आलं आणि १९७६पासून मिनेसोटा हिस्टॉरिकल सोसायटी ते सांभाळते. २०११मध्ये त्याला राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळाचा दर्जा मिळाला. सोसायटीने सर्वांत मोलाचं काम केलं ते असं की भिंग जागचं हलवलं नाही. अनेक ठिकाणी जुनी भिंगं उतरवून संग्रहालयात ठेवली गेली. काच तिथेही सुंदर दिसते, पण फिरत नाही, आणि फिरण्यावाचून फ्रेनेल भिंग काय करतं हे समजत नाही. इथे बुरूज, यंत्र, भिंग आणि भोंग्याची इमारत सगळं एकत्र आणि आपापल्या जागी आहे. घरं १९२०च्या दशकात होती तशी सजवली आहेत.

१९८५पासून दरवर्षी १० नोव्हेंबरला फिट्झजेराल्डवरच्या २९ जणांची नावं तिथे घंटेच्या टोल्यांबरोबर वाचतात आणि मग दिवा लावतात. फिट्झजेराल्ड बुडालं ते इथून फार दूर, सरोवराच्या दुसऱ्या टोकाला. तरी सुपिरियरवर गेलेल्या सगळ्यांची आठवण म्हणून ही जागा लोकांनी मानली आहे, आणि ते मला योग्य वाटतं. तुमच्या मुलाला सुट्टी मिळत असेल तर त्याच दिवशी जा. अंधारात पेटलेल्या बुरुजावर चढण्याची संधी बाकी वर्षभर मिळत नाही. थंडी मात्र कडाक्याची असते, वारा थेट अंगावर येतो, तेव्हा कानटोपी आणि चांगले हातमोजे विसरू नका.

एरवी गेलात तर वर गेल्यावर भिंगाखालची पाऱ्याची पन्हळ आणि चावीचं यंत्र आवर्जून पाहा. खाली उतरायला १७१ पायऱ्या आहेत. गुडघे साथ देत असतील तर उतरा, कारण वरून दिसणारा कडा आणि पाण्याच्या पातळीवरून दिसणारा कडा यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे, आणि खलाशांना दिसायचा तो खालचा. मदेराचे अवशेष अजून गोल्ड रॉकच्या पायथ्याशी पाण्यात आहेत, थंड पाण्यात डुबकी मारणारे पाणबुडे तिथे जातात. परतताना टू हार्बर्सला थांबलात तर मदेराच्या माणसांना उचलून आणणारी ‘एडना जी’ही तिथे जपून ठेवलेली आहे.